दुखरे मनगट आणि स्टोनवेअरचे भांडे

गेल्या काही वर्षांत अनेक घरांच्या ओट्यावर, मिक्सरच्या शेजारी, एक छोटी विजेची भट्टी येऊन बसली आहे. कोणी तिला ओव्हन म्हणते, कोणी ओटीजी. बहुधा ती नातवंडांच्या केकसाठी घेतलेली असते. पण हळूहळू तिचा उपयोग घरातील ज्येष्ठांसाठीच अधिक होऊ लागतो. डॉक्टरांनी तळलेले कमी करायला सांगितले म्हणून कोथिंबीर वडी तिच्यात भाजली जाते. कवळीने चावता यावा म्हणून दुधी घातलेला मऊ हांडवा होतो. परदेशी लेकीकडे सहा महिने राहून परतलेल्या आजी-आजोबांच्या सामानात, लुगड्याच्या घडीत गुंडाळलेले एक जड, मातकट रंगाचे पसरट भांडेही कधी कधी निघते. हे स्टोनवेअरचे भांडे. आता ते आपल्याकडील शहरांतही सहज मिळते.

पहिल्या दोन-तीन वेळा सारे छान होते. मग एके दिवशी वडी उचलावी तर वरचा भाग हातात येतो आणि खालचा थर भांड्यालाच धरून राहतो. जेवणे उरकल्यावर घरातली कोणीतरी मोरीपाशी उभी राहून ते भांडे घासू लागते. ही ‘कोणीतरी’ बहुतेक घरांत साठी उलटलेली गृहिणी असते, नाहीतर दिवसभर रुग्णाचे करून थकलेली सून. अंगठ्याच्या मुळाशी असलेला सांधा वयाबरोबर झिजतो, आणि स्त्रियांमध्ये ही झीज अधिक आढळते. घासणी चिमटीत धरून आपण जितका जोर लावतो, त्याच्या कित्येक पट भार त्या सांध्यावर येतो. भांडे अर्ध्या तासात स्वच्छ होते, पण दुसऱ्या दिवशी बरणीचे झाकण उघडत नाही आणि सदऱ्याचे बटण लागत नाही. मी या दुखण्याची जुनी वाटेकरी आहे. म्हणून भांडे चिकटू न देणे आणि चिकटलेच तर हाताच्या बळावाचून साफ करणे, हा विषय मला टापटिपीपेक्षा प्रकृतीचा अधिक वाटतो.

दगड नव्हे, भाजलेली माती

स्टोनवेअर या नावात दगड असला तरी हे भांडे दगडाचे नसते. ते मातीचेच, पण फार तापवलेल्या भट्टीत भाजलेले. आपली नेहमीची मडकी, पणत्या, कुंड्या तुलनेने कमी उष्णतेवर भाजतात. त्यामुळे त्या सच्छिद्र राहतात, माठातून पाणी पाझरते आणि ते गार होते. स्टोनवेअरची माती साधारण १२०० अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक तापमानाला भाजली जाते. तेवढ्या उष्णतेत मातीतील काही घटक वितळून काचेसारखे होतात आणि कण एकमेकांना घट्ट धरतात. म्हणून ते भांडे जड, टणक आणि जवळजवळ न पाझरणारे होते.

हा प्रकार आपल्याला अगदी अपरिचित आहे असेही नाही. लोणच्याची, वर तपकिरी आणि खाली पांढरट अशी दुरंगी बरणी आठवावी. आपण तिला चिनी मातीची म्हणत आलो, पण जातीने ती स्टोनवेअरच. उत्तर प्रदेशातील खुर्जा आणि सौराष्ट्रातील थानगढ ही गावे अशा मातीकामासाठी प्रसिद्ध आहेत. मीठ, आंबट आणि तेल वर्षभर पोटात ठेवूनही ती बरणी कुरकुरली नाही, याचे श्रेय आतल्या गुळगुळीत, काचेसारख्या लेपाला. या लेपाला झिलई म्हणू.

भाजण्याच्या भांड्यांत दोन प्रकार असतात आणि पुढचे सारे याच भेदावर अवलंबून आहे. काही भांड्यांना आतून-बाहेरून झिलई असते. ती चकाकतात आणि बोट सहज घसरते. काहींची आतली बाजू मुद्दाम उघडी, म्हणजे बिनझिलईची, ठेवलेली असते. ती हाताला खरखरीत लागते. शंका असेल तर नव्या, कोरड्या भांड्यावर पाण्याचा एक थेंब टाकावा. थेंब तसाच राहिला तर झिलई आहे. हळूहळू मुरून तेथे काळसर डाग दिसला तर नाही. पुष्कळांचे नुकसान होते ते एका प्रकाराचा नियम दुसऱ्याला लावल्याने. बिनझिलईच्या भांड्याला साबण लावला तर पुढच्या भाकरीला साबणाचा वास येतो. आणि झिलईच्या भांड्याला ‘तेल पाजण्याचा’ खटाटोप केला तर त्यावर नुसता चिकट थर बसतो.

चिकटते का?

ओले पीठ थंड पृष्ठभागावर पडले की ते तेथील बारीकसारीक खळग्यांत शिरते. मग उष्णता लागते. पिठातील स्टार्च फुगतो, डाळीतील किंवा अंड्यातील प्रथिने घट्ट होतात, आणि शिरलेला भाग तिथेच रुतून बसतो. गूळ-साखर असेल तर पाक होऊन तो डिंकाचे काम करतो. पत्र्याचा ट्रे पातळ असतो, चटकन तापतो, आणि पिठाच्या तळाला लगेच पापुद्रा धरतो. स्टोनवेअर जाड असते. ते सावकाश तापते आणि तोवर पिठाचा तळ ओलाच राहतो. पण एकदा तापले की ते उष्णता सगळीकडे सारखी देते. म्हणून त्यातला पदार्थ कडेला करपत नाही आणि तळ खरपूस, तरी आतून मऊ राहतो. ज्यांना कडक कडा चावत नाहीत त्यांच्यासाठी हा गुण मोलाचा आहे. मात्र त्यासाठी पत्र्याच्या ट्रेपेक्षा पाच-दहा मिनिटे अधिक द्यावी लागतात. घाईने बाहेर काढलेला पदार्थ हमखास चिकटतो, कारण त्याचा पापुद्रा तयारच झालेला नसतो.

दुसरे कारण तेलाविषयीचे अतिरेकी पथ्य. हृदयविकार असलेल्या घरांत कित्येकदा भांड्याला तेलाचा हातही लावत नाहीत. येथे थोडा हिशेब करावा. चहाचा एक चमचा तेल म्हणजे साधारण चाळीस कॅलरी. एवढ्यात वीतभर भांड्याचा तळ आणि कडा छान माखतात. त्या भांड्यातील पदार्थाचे सहा भाग केले तर प्रत्येकाच्या वाट्याला सातएक कॅलरी येतात. एवढ्या तेलाने पथ्य मोडत नाही. ते वाचवले तर किंमत मात्र अंगठा देतो. तेल बोटांनी किंवा फडक्याने कोपऱ्यांत नीट पोचवावे. पदार्थ चिकटतो तो बहुधा कोपऱ्यातच.

तेलावर चिमूटभर बारीक रवा, तांदळाचे किंवा ज्वारीचे पीठ भुरभुरून भांडे आपटून जादा पीठ झटकले, की ओले मिश्रण आणि भांडे यांच्यामध्ये एक कोरडा पडदा तयार होतो. हांडव्याखाली तीळ पेरतात, त्यानेही हेच काम साधते. पण कवळी असलेल्यांच्या हिरडीत तीळ अडकतात, त्यांच्यासाठी रवाच बरा. डब्यातून फवारायचे तेल मिळते, ते मात्र मी घरातून काढून टाकले. त्यात बहुधा लेसिथिन नावाचा पदार्थ असतो. तो तापून-तापून राळेसारखा चिकट थर धरतो, आणि तो काढताना नाकी नऊ येतात.

कागद घालायचा झाल्यास तो ओव्हनसाठीचाच आहे ना, हे वेष्टनावर पाहून घ्यावे. आपल्याकडे ‘बटर पेपर’ या एकाच नावाखाली दोन-तीन तऱ्हेचे कागद विकले जातात. मेणाचा हात दिलेला कागद ओव्हनमध्ये वितळतो, धुरावतो.

केळीच्या पानाची युक्ती

कागदाच्या आधी आपल्याकडे पान होते. कोकणात आणि गोव्यात तवसळी करतात. जून काकडी, म्हणजे तवसे, किसून त्यात भाजलेला तांदळाचा रवा, गूळ, ओले खोबरे आणि वेलची घालायची; मिश्रण जाड बुडाच्या पातेल्यात ओतून खाली मंद विस्तव आणि वर झाकणावर निखारे ठेवायचे. काही घरी हिला धोंडस म्हणतात. वरखाली विस्तव म्हणजे ओव्हनच. फक्त त्याचे तापमान नाकाने मोजायचे. गुळाचा हा पदार्थ भांड्याला किती चिवटपणे धरू शकतो ते करणारीलाच ठाऊक. म्हणून तळाशी केळीचे किंवा हळदीचे पान अंथरण्याची चाल पडली. पान पदार्थाला सुगंध देते हे खरे, पण त्याचे पहिले काम पदार्थ सोडवण्याचे.

हीच युक्ती स्टोनवेअरला फार छान लागू पडते. केळीचे पान शिरेपासून सोडवून मंद आचेवर अलगद फिरवावे, म्हणजे ते मऊ होते व दुमडताना फाटत नाही. त्याची गुळगुळीत बाजू वर करून तळाला आणि कडांना अंथरावे, पुसटसा तेलाचा हात द्यावा आणि मिश्रण ओतावे. १८० अंशांवर पाऊण तासाच्या सुमारास तवसळी तयार होते. मध्यभागी टोचलेली सुरी कोरडी निघाली की झाली. परदेशात भारतीय किंवा आग्नेय आशियाई किराणा दुकानांत गोठवलेली केळीची पाने मिळतात. ती आधी पूर्ण निवू द्यावीत, पुसावीत, मगच वापरावीत. तवसळी मऊ असल्याने दात नसलेल्यांनाही खाता येते. मधुमेहींसाठी मात्र गूळ हा साखरेचा निरुपद्रवी भाऊ नव्हे. त्यानेही रक्तशर्करा वाढतेच. त्यांच्या वाट्याचा तुकडा लहानच असावा.

बाहेर काढल्यावर किती थांबायचे, यालाही महत्त्व आहे. भाजणी-बेसनाचे पदार्थ दहा-पंधरा मिनिटे तसेच ठेवावेत. आतली वाफ तळाशी येऊन पापुद्रा सैल करते आणि पदार्थ आपण होऊन कडा सोडतो. पान न घालता केलेल्या गुळाच्या पदार्थाला मात्र फार निवू देऊ नये. पाक गार झाला की दगडासारखा आवळतो. तो कोमट असतानाच लाकडी उलथण्याने कडा मोकळ्या करून घ्याव्यात.

बिनझिलईच्या भांड्याचे वळण

उघड्या मातीचे भांडे वापरता वापरता सुधारते. पातळ तेल तापले की त्याचे कण एकमेकांशी जोडले जाऊन कठीण, कोरडा थर बनतो. बिडाचा तवा मुरतो तोच हा प्रकार. नवे भांडे साध्या पाण्याने धुऊन एक दिवस कोरडे होऊ द्यावे. मग तेलाचा हात द्यावा आणि कोरड्या फडक्याने इतके पुसावे की तेल लावलेच नाही असे वाटावे. ते गार ओव्हनमध्ये ठेवून मगच ओव्हन सुरू करावा, १८० ते २०० अंशांवर तासभर तापू द्यावे आणि आतच निवू द्यावे. असे दोन-तीनदा केले, आणि पहिले काही पदार्थ जरा तेलकट केले, की भांडे वळणावर येते. तेल जाड लावले तर ते कठीण न होता चिकट राहते, आणि पुढे त्याला खवट वास येतो. सोबत आलेल्या माहितीपत्रकात वेगळी सूचना असेल तर तीच मानावी. तेल तापताना थोडा धूर होतो. घरात दम्याचा रुग्ण असेल तर खिडक्या उघडून त्यांना दुसऱ्या खोलीत बसवावे.

महिन्याभरात भांड्याचा रंग बदलतो. मातकट होते ते तपकिरी, मग काळपट होत जाते. इथे आपल्या संस्काराची अडचण होते. चिंच-मीठ लावून तांब्या-पितळेची भांडी लख्ख करणाऱ्या घरांतून आपण आलो. काळे भांडे म्हणजे गृहिणीचा कमीपणा, ही समजूत आपल्या हाडीमाशी खिळली आहे. पण बिनझिलईच्या स्टोनवेअरचा काळेपणा हा मळ नव्हे, तो त्याचा गुण आहे. तो घासून काढला की पुढचा पदार्थ हटकून चिकटतो. घरी भांड्यांना बाई येत असतील तर त्यांना हे नीट समजावून सांगावे, नाहीतर त्या बिचाऱ्या मन लावून तारेच्या घासणीने भांडे ‘स्वच्छ’ करून ठेवतात. आमच्याकडे हे भांडे मोरीत जातच नाही, त्याची जागा वेगळी. जळून कोळसा झालेले, पापुद्र्याने सुटणारे कण मात्र ठेवू नयेत. ते पुढच्या वेळी धुरावतात आणि पदार्थाला कडवट करतात.

घासायचे काम पाण्याकडे

साफसफाईचा सारा कस वाट पाहण्यात आहे. भांडे आधी पूर्ण गार होऊ द्यावे. माझे पहिले भांडे मी अशाच घाईपायी गमावले. पाहुणे यायचे होते, ओव्हनमधून काढलेले भांडे रिकामे करून मी तसेच नळाखाली धरले. वाटाण्याची शेंग फुटावी तसा बारीकसा आवाज झाला आणि कडेपासून मध्यापर्यंत एक रेघ उमटली. तापलेल्या मातीचा वरचा भाग एकदम आक्रसतो, आतला फुगलेलाच राहतो, आणि ती ओढाताण मातीला सोसत नाही. पाण्याचीच गोष्ट नव्हे. गरम भांडे ओल्या ग्रॅनाइटच्या ओट्यावर ठेवले, फ्रीजमधले भांडे तापल्या ओव्हनमध्ये सारले, रिकामे भांडे गॅसच्या शेगडीवर चढवले, तरी तेच होते. गरम भांड्याला लाकडी अडणी किंवा जाड कोरडे फडके द्यावे.

भांडे गार झाले, की काय चिकटले आहे ते पाहावे. गूळ-साखर कोमट पाण्यात विरघळते. तिला घासायची गरजच नसते. बेसन, डाळी, अंडे यांना मात्र आरंभी साधे किंवा जेमतेम कोमट पाणी घालावे, कारण कढत पाण्याने प्रथिने आणखी घट्ट बसतात. झिलईच्या भांड्यात पाणी आणि साबणाचे चार थेंब घालून अर्धा-पाऊण तास ठेवावे. तेवढ्या वेळात रुग्णाचे औषध द्यावे, चहा घ्यावा, मालिका पाहावी. नंतर लाकडी किंवा नायलॉनचे उलथणे तळाशी आडवे सरकवले की थर सालीसारखा निघतो. बिनझिलईच्या भांड्यात साबण नको आणि रात्रभर भिजवणेही नको. आधी कोरडेच खरवडावे, मग दहा-पंधरा मिनिटे कोमट पाणी ठेवून मऊ ब्रशने धुवावे आणि उभे करून वाऱ्यावर वाळू द्यावे. ओलसर भांडे कपाटात झाकून ठेवले तर वास धरते, आणि तसेच तापवले तर तडकू शकते.

करपलेल्या तेलाचा तांबूस, पिवळट थर पाण्याने जात नाही. त्याला खाण्याचा सोडा. दोन-तीन चमचे सोड्यात पाण्याचे थेंब घालून लापशीसारखा लेप करावा, डागावर पसरावा, वर ओले फडके टाकावे म्हणजे तो सुकणार नाही, आणि अर्धा तास विसरून जावे. सोडा सौम्य अल्कली आहे, तो तेलकट थर सैल करतो. शिवाय त्याचे कण मऊ असल्याने झिलईला ओरखडे पडत नाहीत. एकदा पुरले नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा लावावा, पण जोर वाढवू नये. सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतण्याचा सल्ला हल्ली फार ऐकू येतो. फेस पाहून समाधान होते खरे, पण आम्ल आणि अल्कली एकमेकांना निष्प्रभ करतात आणि उरते ते बहुतांशी खारट पाणी. ओव्हन साफ करायची दाहक रसायने या भांड्याला, त्यातही बिनझिलईच्या, कधीच लावू नयेत. ती मातीत मुरतात. आणि ब्लीच तर व्हिनेगर, लिंबू किंवा संडास साफ करण्याच्या आम्लाबरोबर चुकूनही मिसळू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो, आणि मोरीच्या बंदिस्त जागेत वृद्धांच्या फुफ्फुसांना तो फार त्रास देतो.

तारेची घासणी नकोच. ती झिलईवर करड्या रेघा ओढते आणि तिचे तुटके तुकडे कोपऱ्यात राहून अन्नात येऊ शकतात. घासावे लागलेच तर ब्रश जाड मुठीचा घ्यावा. मूठ बारीक असेल तर तिच्याभोवती जुने फडके गुंडाळून रबराने बांधावे. चिमटीऐवजी पूर्ण तळव्याने धरता आले की अंगठ्यावरचा भार कमी होतो, आणि हालचाल मनगट न पिळता खांद्यातून करता येते. फडके पिळण्याचे काम दुखऱ्या हातांना सर्वांत वाईट. ते नळाच्या तोटीभोवती गुंडाळून दोन्ही टोके एकत्र ओढली की पाणी निथळते.

उचलताना

स्टोनवेअरचे मोठे आयताकृती भांडे रिकामे असतानाच अडीच-तीन किलोचे भरते. आत पदार्थ असला की त्याहून बरेच अधिक. ज्यांची हाडे ठिसूळ झाली आहेत किंवा ज्यांना वाकताना तोल सांभाळावा लागतो त्यांनी असे भांडे एकट्याने उचलू नये. दोन माणसांच्या घराला वीतभर लांबी-रुंदीचे चौकोनी भांडे पुरते. ओव्हन कमरेच्या उंचीवर असावा. फ्रीजवर ठेवलेल्या ओव्हनमधून जड, तापलेले भांडे डोक्याच्या पातळीवरून उतरवणे हे तरुणांनाही धोक्याचे. आपल्या हाताला सवय सांडशीची. पण सांडशी या भांड्याच्या जाड कडेवर नीट बसत नाही, एका बाजूने उचलल्याने भांडे कलते, आणि कडेचा टवका उडतो तो वेगळाच. दोन्ही हातांत जाड, कोरडे मोजे घालून दोन्ही बाजूंनीच उचलावे. मोजा किंवा फडके ओले असेल तर त्यातील पाणी उष्णता चटकन त्वचेपर्यंत पोचवते.

काळजीवाहकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. हे भांडे बाहेर काढल्यावरही पुष्कळ वेळ चटका देण्याइतके तापलेले राहते, पण पाहणाऱ्याला ते कळत नाही. ना वाफ, ना लाली. जुन्या मधुमेहात हातापायांची संवेदना मंदावते. अशा व्यक्तीचा हात भांड्यावर टेकला तरी चटका उशिरा समजतो, आणि तोवर जखम खोल जाते. स्मृतिभ्रंशाचा रुग्ण तर नुकतेच सांगितलेले विसरतो. एका घरी पाहिलेली पद्धत मला फार आवडली. भांडे गरम असेतो त्याच्या शेजारी एक लाल टॉवेल पसरलेला असतो, आणि लाल टॉवेल असेपर्यंत त्या बाजूला कोणी हात न्यायचा नाही, हे आजोबांच्या अंगवळणी पडले आहे. तरीही चटका बसलाच तर अंगठी-बांगडी ताबडतोब काढावी आणि तो भाग वाहत्या, साध्या थंड पाण्याखाली वीस मिनिटे धरावा. बर्फ, तूप, हळद, टूथपेस्ट यांतले काहीही लावू नये. फोड मोठा असेल, किंवा रुग्ण मधुमेही असेल, तर डॉक्टरांना दाखवावे.

निवृत्त कधी करावे?

माठ विकत घेताना आपण बोटाच्या पेराने टिचकी मारून पाहतो. खणखणीत वाजला तर घ्यायचा, बद्द वाजला तर ठेवून द्यायचा. स्टोनवेअरलाही हीच परीक्षा लागू आहे. महिन्यातून एकदा गार, रिकामे भांडे तळहातावर तोलून टिचकी मारावी; आवाज बद्द येऊ लागला तर डोळ्यांना न दिसणारी चीर गेली आहे असे समजावे. असे भांडे पुढे कधीतरी भरलेले आणि तापलेले असताना हातातच दुभंगते. झिलईवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा दिसू लागल्या किंवा कड टवकली तरी ते अन्नासाठी वापरू नये, कारण अन्नकण तिथे अडकतात आणि धुण्याने निघत नाहीत. जुन्या बाजारातून किंवा प्रदर्शनातून घेतलेली रंगीबेरंगी, शोभेची भांडी तर भाजण्यासाठी मुळीच वापरू नयेत. काही झिलयांत शिसे असते, आणि चिंच, टोमॅटो, दही असे आंबट पदार्थ ते अन्नात उतरवतात. अन्नासाठी योग्य आणि ओव्हनमध्ये चालणारे असे स्पष्ट लिहिलेलेच भांडे घ्यावे.

माझे ते तडकलेले भांडे अजून घरात आहे. गॅलरीत तुळशीच्या कुंडीखाली ठेवले आहे. कुंडीचे पाणी चिरेतून हळूहळू निघून जाते, आणि तिथे ते घासावे लागत नाही.